कमी खर्चात वेबसाइटचा लोगो: सुरुवात सर्वांत लहान चौकोनापासून

स्वतःच्या वेबसाइटचा लोगो स्वतःच करायचं ठरलं की बहुतेक जण आधी लॅपटॉप उघडतात, लोगो बनवून देणारी एखादी साइट शोधतात आणि मोठ्या स्क्रीनवर, भरपूर मोकळ्या जागेत छान दिसणारं काहीतरी निवडतात. तेच चित्र पुढे ब्राउझरच्या टॅबवर जाऊन बसतं तेव्हा त्याचा नुसता मळकट ठिपका होतो. लोगो स्वस्तात केला म्हणून असं होत नाही, चुकीच्या टोकापासून केला म्हणून होतं.

टॅबवरची ती जागा १६ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच असते. म्हणजे एकूण २५६ ठिपके. आजच्या बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर तेवढ्याच जागेत ३२ गुणिले ३२ ठिपके मावतात, पण डोळ्याला दिसणारा आकार तोच राहतो. वेबसाइटच्या लोगोला मिळणारी ही सर्वांत कठीण जागा. इथे जे ओळखू येतं ते मोठं करणं सोपं असतं. मोठ्या जागेसाठी काढलेलं नाजूक चित्र इथे कोंबणं जवळजवळ अशक्य. म्हणून माझा आग्रह असा की काम या चौकोनापासून सुरू करावं. कमी पैशांचं गणितही इथेच सुटतं, कारण एवढ्या जागेत टिकणारा लोगो साधा असावाच लागतो, आणि साधा लोगो चित्रकला न शिकलेल्या माणसालाही नेटका काढता येतो.

पैशांबद्दल मनात धाकधूक असेल तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. नायकीचं ते प्रसिद्ध चिन्ह १९७१ मध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांनी ३५ डॉलरमध्ये काढून दिलं होतं. गूगलच्या सुरुवातीच्या लोगोची अक्षरं १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतः रंगवली होती. रूथ केडार या डिझायनरने केलेला लोगो त्यानंतर, १९९९ मध्ये आला. यावरून कुणीही बसल्या बसल्या तसा लोगो करेल असं मला म्हणायचं नाही. डेव्हिडसन डिझाइनच शिकत होत्या. पण चांगल्या लोगोसाठी मोठी रक्कम लागतेच, ही समजूत या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

लोगोकडून नेमकं काय हवं

नवीन वेबसाइट काढणाऱ्याला वाटतं की आपण काय करतो ते लोगोतून कळलं पाहिजे. मग पुस्तकांची साइट असेल तर पुस्तक, शिकवणीची असेल तर टोपी, सल्ल्याची असेल तर दिवा. ही चित्रं वाईट नसतात, पण तीच चित्रं इतक्या जणांनी वापरलेली असतात की पाहणाऱ्याच्या मनात काहीच उरत नाही. आयबीएम या संगणक कंपनीचा लोगो पाहा. पॉल रँड यांनी १९५६ मध्ये तो केला, १९७२ मध्ये त्यावर आडव्या पट्ट्या आल्या. त्यात संगणक कुठेच नाही, तीन ठसठशीत अक्षरं आहेत. कंपनी काय करते ते लोकांना कंपनीच्या कामातून कळलं, आणि ते सगळं त्या तीन अक्षरांशी जोडलं गेलं.

तुमच्या लोगोनेही एवढंच करायचं आहे: पुन्हा दिसल्यावर 'ही तीच साइट' असं वाटायला लावायचं. तुमचं काम वेबसाइटच्या पहिल्या वाक्यातून सांगता येतं. तो भार लोगोवर टाकला की लोगोत गर्दी होते, आणि २५६ ठिपक्यांत गर्दीला जागा नाही.

म्हणून बजेट कमी असेल तर मी नेहमी अक्षरांचा लोगो सुचवतो. वेबसाइटचं पूर्ण नाव एका चांगल्या फॉन्टमध्ये, नीट जुळवलेलं. आणि त्यातलंच एखादं अक्षर टॅबसाठी. वेबसाइटच्या बाबतीत याचा वेगळाच फायदा आहे. लोकांना तुमच्याकडे परत यायचं तर नाव आठवावं लागतं आणि टाइप करावं लागतं. सुटं चिन्ह कितीही देखणं असलं तरी ते सर्चच्या चौकटीत टाइप करता येत नाही.

कागद, जाड पेन आणि छोटे चौकोन

संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर नखाएवढे चौकोन आखा, पानभर. प्रत्येकात वेगळी कल्पना काढा, तीही बारीक पेन्सिलीने नको, जाड स्केच पेनने. जाड टोकाने तपशील काढताच येत नाहीत, आणि नेमकं तेच हवं आहे. नावाचं पहिलं अक्षर. दोन अक्षरं एकमेकांना चिकटलेली. अक्षराच्या पोटातल्या रिकाम्या जागेत दडलेला आकार. एका अक्षराची दांडी लांबवलेली. वर्तुळातून कापून काढलेलं अक्षर. पहिल्या काही चौकोनांत सगळ्यांना सुचतं तेच उतरतं. तुमचं स्वतःचं काही यायला पान बरंच भरावं लागतं.

निवडताना तीन गोष्टी करून पाहा. कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करा; जे आकार एकमेकांत मिसळतात ते बाद. कागद उलटा धरा. अक्षर वाचायची सवय सुटते आणि आकाराचा तोल दिसू लागतो. आणि सर्वांत कडक परीक्षा म्हणजे एखाद्याला चित्र दोन-तीन सेकंद दाखवा, झाका, आणि आठवेल तसं काढायला सांगा. चित्रकला कच्ची असली तरी चालते. त्याच्या रेघोट्यांत तुमच्या कल्पनेचा गाभा दिसला तर ती टिकाऊ आहे. 'कसा वाटतोय?' असं विचारू नका. आपली माणसं 'छान' म्हणतात आणि तुम्ही होतात तिथेच राहता.

फॉन्ट: फुकट म्हणजे नेमकं काय

फॉन्ट हे एक सॉफ्टवेअर असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरसारखा त्याचाही परवाना असतो. इंटरनेटवर 'फ्री' असं लिहिलेले बरेच फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट असतात. कमाई करणाऱ्या वेबसाइटच्या लोगोत ते वापरले तर परवान्याचा भंग होतो. हा घोळ टाळायचा सोपा रस्ता म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेले फॉन्ट घेणं. २०१० पासून सुरू असलेल्या गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट याच परवान्याचे आहेत. या परवान्यात फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतो, लोगोत वापरता येतो, त्याच्या अक्षरांत बदलही करता येतात. तो फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि लोगो करणाऱ्याला त्याची गरजही नसते.

लोगोसाठी मध्यम ते ठळक वजनाचा, म्हणजे अक्षरांच्या रेघा जाड असलेला, फॉन्ट घ्या. हडकुळ्या रेषा मोठ्या स्क्रीनवर श्रीमंत दिसतात आणि लहान होताच विरून जातात. दोन फॉन्ट एकत्र करायचा मोह पहिल्या लोगोत तरी आवरा.

नाव देवनागरीत असेल तर विचार आणखी थोडा करावा लागतो. देवनागरी अक्षराला वर शिरोरेषा, तिच्याही वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. म्हणजे एकाच ओळीत तीन मजले. त्यामुळे त्याच उंचीत रोमन अक्षर जेवढं मोठं दिसतं तेवढं देवनागरी अक्षर दिसत नाही, मधल्या मजल्याला जागा कमी मिळते. हेडरमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या वरच्या पट्टीत, देवनागरी नाव थोडं मोठंच ठेवावं लागतं. टॅबच्या चौकोनासाठी नावातलं वर-खाली काहीही नसलेलं अक्षर निवडा. 'क' किंवा 'ग' १६ पिक्सेलमध्ये व्यवस्थित उभा राहतो, 'र्ती' राहत नाही. पहिलंच अक्षर घेतलं पाहिजे असा नियम नाही. शिवाय 'ल' आणि 'श' तपासा. या दोन अक्षरांची मराठी वळणं हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत; काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठेवल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. लोगोत चुकीचं वळण एकदा बसलं की ते वर्षानुवर्षं तसंच दिसत राहतं. एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट सुरुवातीला पाहण्यासारखे आहेत. दोन्हींत ठळक वजनं मिळतात.

फॉन्ट निवडून नाव टाइप केलं की निम्मं काम झालं, पण दिसण्यातला खरा फरक पडतो तो अक्षरांमधल्या अंतरामुळे. फॉन्टमधली अंतरं वाचनाच्या मजकुरासाठी ठरवलेली असतात. तेच नाव मोठं केलं की कुठे फट पडलेली दिसते, कुठे अक्षरं दाटलेली. ही अंतरं जुळवण्याला डिझायनर कर्निंग म्हणतात आणि ते डोळ्यांनीच करावं लागतं, मोजपट्टी उपयोगी पडत नाही, कारण गोल अक्षर आणि सरळ दांडीचं अक्षर यांच्यातलं समान अंतर डोळ्याला समान वाटत नाही. एका वेळी तीनच अक्षरांकडे पाहा, बाकीची हाताने झाका. मधलं अक्षर दोन्ही बाजूंना सारखं मोकळं वाटतंय का ते बघा आणि मग एक अक्षर पुढे सरका. घरी केलेला लोगो आणि व्यावसायिकाने केलेला लोगो यांतला फरक मला सर्वांत आधी इथेच दिसतो, आणि हे काम तर पूर्ण फुकट आहे.

शेवटी एका, फक्त एका अक्षरात बदल करा. दांडीचं टोक तिरकं कापा, पोकळी भरून टाका, एक भाग काढून टाका. तेवढ्याने तो फॉन्टमधला मजकूर राहत नाही, तुमचं नाव होतं. आणि टॅबवर जाणारं अक्षर हेच असेल तर छोटा चौकोन आणि मोठं नाव यांचं नातं आपोआप जुळतं.

व्हेक्टर समजला की अर्ध्या अडचणी संपतात

चित्र संगणकात दोन प्रकारे साठवता येतं. पहिला प्रकार पिक्सेलचा: कुठल्या ठिपक्याचा रंग कोणता याची यादी. फोटो असाच साठवला जातो. तो मोठा केला की ठिपकेच मोठे होतात आणि कडा फाटलेल्या दिसतात. दुसरा प्रकार व्हेक्टरचा: यात ठिपके नसतात, सूचना असतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, वाटेत असं वळ, आत हा रंग भर. फोटो आणि इमारतीचा नकाशा यांत जो फरक आहे तोच इथे आहे. नकाशावरून हवी तेवढी मोठी इमारत पुन्हा उभी करता येते. ही वळणं ज्या गणिताने लिहितात त्याला बेझिए वक्र म्हणतात. रेनो या मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या बॉडीचे आकार काढण्यासाठी ते वापरात आणलं.

वेबवरचा व्हेक्टरचा प्रमाण प्रकार म्हणजे एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि आज सगळे ब्राउझर तो दाखवतात. साधा आकार असेल तर ही फाइल किती हलकी होते याचं उत्तम उदाहरण गूगलचंच आहे. २०१५ मध्ये त्यांनी लोगो बदलला तेव्हा त्याची एक आवृत्ती फक्त ३०५ बाइट्समध्ये बसवली. आधीचा लोगो सुमारे १४,००० बाइट्सचा होता. संथ इंटरनेटवरही तो लगेच दिसावा यासाठी हे केलं होतं. साधेपणाचा असा रोख हिशेब मांडता येतो म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

तेव्हा मूळ लोगो व्हेक्टरमध्येच करा. इंकस्केप हे २००३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे, लोगोपुरतं तर नक्कीच. ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर पेनपॉट किंवा फिग्माची फुकट आवृत्ती चालते. कुठलंही घ्या, नेमक्या चार-पाच कृती शिकायच्या आहेत. नाव टाइप करून अंतरं जुळवली की अक्षरांचं आकारांत रूपांतर करायचं. इंकस्केपमध्ये 'पाथ' मेनूत 'ऑब्जेक्ट टू पाथ'. हे विसरलात तर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला तुमचं नाव भलत्याच अक्षरांत दिसेल. रूपांतरानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून आधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. एकमेकांवर आलेले आकार 'युनियन'ने एकसंध करा. रेघांना जाडी दिली असेल तर त्यांचंही 'स्ट्रोक टू पाथ'ने आकारांत रूपांतर करा, नाहीतर लोगो लहान-मोठा करताना रेघेची जाडी तेवढीच राहून सगळं प्रमाण बिघडू शकतं.

कागदावरच्या चित्राचा फोटो काढून सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस करून, म्हणजे व्हेक्टरमध्ये उतरवून, घेता येतो, पण त्यातून शेकडो बिंदू असलेली खडबडीत कडा मिळते. त्यापेक्षा फोटो खाली ठेवून वरून वर्तुळं, चौकोन आणि कमीत कमी बिंदूंचे वक्र वापरून पुन्हा काढा. वळणाच्या टोकाला, म्हणजे सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बिंदू ठेवले की वक्र गुळगुळीत येतो.

काढताना एक गोष्ट आधी विचित्र वाटेल. गणिताने बरोबर असलेलं डोळ्याला चुकीचं दिसतं. चौकोनाच्या शेजारी तेवढ्याच उंचीचं वर्तुळ ठेवलं तर वर्तुळ लहान वाटतं, म्हणून फॉन्ट करणारे गोल अक्षरं वर-खाली किंचित जास्त वाढवतात. वर्तुळात त्रिकोण ठेवून सॉफ्टवेअरला 'मध्यभागी आण' म्हटलं तर तो एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. व्हिडिओच्या प्ले बटणातला त्रिकोण म्हणूनच थोडा उजवीकडे ढकललेला असतो. समान जाडीच्या दोन रेघांत आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते. अशा ठिकाणी आकड्यांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. सॉफ्टवेअरचं 'अलाइन' बटण कामाची सुरुवात करून देतं, शेवट तुम्हाला करायचा असतो.

छोटी आवृत्ती वेगळी काढायची

इथे पुन्हा त्या चौकोनाकडे यावं लागतं. मोठा लोगो नुसता लहान करून टॅबवर टाकायचा नसतो. टॅबसाठीची आवृत्ती स्वतंत्र काढायची असते. १६ गुणिले १६ ची जाळी आखा. मुख्य रेघा दोन पिक्सेल जाड ठेवा आणि त्यांच्या कडा जाळीच्या रेषांवर बसवा. कड दोन पिक्सेलच्या मधोमध आली तर ब्राउझर दोन्ही पिक्सेल अर्धवट रंगवतो आणि रेघ धूसर होते. पोकळ्या थोड्या मोठ्या करा, तिरक्या रेघा टाळा. स्क्रीनला तिरक्या रेघांचं वावडं जुनं आहे. बीबीसीच्या लोगोतले तीन चौकोन १९९७ पर्यंत तिरके होते. त्या वर्षी ते सरळ करण्यामागे एक मोठं कारण हेच होतं की तेव्हाच्या स्क्रीनवर तिरक्या कडा दातेरी दिसत.

रंग सर्वांत शेवटी

आधी पूर्ण लोगो काळ्या-पांढऱ्यात संपवा. रंग दोष झाकतो. काळ्यात जे उभं राहत नाही ते निळ्यात राहिल्यासारखं वाटतं, आणि मग एखाद्या एकरंगी शिक्क्यावर किंवा पावतीवर उघडं पडतं.

मग एक रंग निवडा. तो काळ्या-पांढऱ्यावर कसा दिसतो हे मोजता येतं. दोन रंगांतला उजळपणाचा फरक एका गुणोत्तरात सांगतात: काळ्यावर पांढरा म्हणजे २१:१, पांढऱ्यावर शुद्ध पिवळा म्हणजे फक्त १.०७:१, जवळजवळ अदृश्य. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि अर्थ सांगणाऱ्या आकृत्यांना ३:१ सांगितलं आहे. लोगोला यातून सूट आहे, पण ही सूट घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्याची नजर अधू आहे त्याला तुमचं नावच दिसलं नाही तर नियम पाळल्याचं समाधान काय कामाचं? हे गुणोत्तर मोजणारी फुकट साधनं भरपूर आहेत. लाल आणि हिरवा यांच्या फरकावर ओळख अवलंबून ठेवू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारातल्या एका पुरुषाला हा फरक नीट कळत नाही, आणि इतरत्रही असे लोक काही थोडे नाहीत.

लोगो पांढऱ्यावर, काळ्यावर आणि एखाद्या फोटोवर ठेवून पाहा. बरेच जण ब्राउझर डार्क मोडमध्ये वापरतात, आणि काळं अक्षर काळ्या टॅबवर गायब होतं. सोपा उपाय म्हणजे अक्षराला स्वतःचा रंगीत चौकोन द्यायचा. एसव्हीजी फाइलच्या आत डार्क मोडसाठी वेगळा रंगही लिहून ठेवता येतो, पण चौकोनाचा उपाय सगळीकडे चालतो. पुढे छपाई करायची असेल तर हे लक्षात ठेवा की स्क्रीनवरचे भडक निळे-हिरवे रंग शाईत तसे उतरत नाहीत, थोडे विझतात.

तयार साच्यांचा आणि एआयचा प्रश्न

लोगो बनवून देणाऱ्या साइट्सवर काही मिनिटांत काम होतं, त्यामुळे त्यांचा मोह समजण्यासारखा आहे. पण दोन गोष्टी आधी वाचा. पहिली, फुकटात काय मिळतं: पुष्कळदा लहान पीएनजी (पिक्सेलच्या चित्राची फाइल) फुकट आणि एसव्हीजी पैसे भरल्यावर. दुसरी जास्त महत्त्वाची, हक्क. साच्यातलं चित्र तुमच्याआधी आणि तुमच्यानंतर कितीही जणांना वापरता येतं, त्यामुळे त्यावर ट्रेडमार्कचा दावा करता येत नाही. कॅन्व्हा या डिझाइनच्या साइटच्या अटींतही त्यांच्या संग्रहातलं चित्र घालून केलेल्या लोगोबद्दल हेच आहे. ट्विटरने सुरुवातीच्या काळात वापरलेलं पक्ष्याचं चित्र आयस्टॉक या चित्रविक्रीच्या साइटवरून घेतलेलं होतं. तिथल्या अटींनुसार विकत घेतलेलं चित्र लोगो म्हणून चालत नाही, आणि पुढे त्यांना स्वतःचा पक्षी काढून घ्यावा लागला. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांखालच्या चित्रांबाबतही नेमका परवाना पाहा: काहींना श्रेय देणं बंधनकारक असतं, काही व्यावसायिक वापरासाठी बंद असतात, आणि लोगोशेजारी दर वेळी श्रेय लिहिणं कुणालाच जमणारं नाही.

एआयने काढलेलं चित्र कल्पना सुचायला मदत करू शकतं. अंतिम लोगो म्हणून मी ते घेणार नाही. ते बहुधा पिक्सेलमध्ये येतं, अक्षरांत चुका असतात, देवनागरीत तर हमखास. शिवाय माणसाचं कर्तृत्व नसलेल्या चित्राला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही; तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. उद्या कुणी तुमचा लोगो जसाच्या तसा उचलला तर तुमच्या हातात फारसं काही राहणार नाही.

स्वतः काढला असला तरी तो कुणाच्या लोगोसारखा तर नाही ना हे तपासावंच लागतं. इमेज सर्चमध्ये तुमचं चित्र टाकून पाहा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे आणि त्यात चित्रावरूनही शोध घेता येतो. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. तुमच्या वर्गात मिळतंजुळतं नाव किंवा चिन्ह असेल तर ते आताच बदला. वेबसाइट चालू झाल्यावर बदलणं फार महाग पडतं.

फाइल्स आणि वेबसाइटवर बसवणं

मूळ एसव्हीजी एक. त्यातून पूर्ण नावाची आवृत्ती, फक्त चिन्हाची आवृत्ती, आणि दोन्हींची एकरंगी काळी आणि पांढरी रूपं. पारदर्शक बॅकग्राउंडची मोठी पीएनजी लागते, कारण अनेक ईमेल प्रोग्रॅम आणि सोशल मीडियाच्या साइट्स एसव्हीजी घेत नाहीत. जेपीईजीत, म्हणजे फोटोंसाठीच्या फाइल प्रकारात, लोगो ठेवू नका. त्यात पारदर्शकता नसते आणि कडांभोवती डाग पडतात.

टॅबवरच्या चित्राला फेव्हिकॉन म्हणतात. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने ते आणलं आणि तेव्हाचा आयसीओ हा फाइल प्रकार आजही जोडीला ठेवतात. बहुतेक आधुनिक ब्राउझर एसव्हीजी फेव्हिकॉनही दाखवतात. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० पिक्सेलचा चौकोन, अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२ पिक्सेलचे. अँड्रॉइड हे चौकोन कधी गोल, कधी गोलसर कोपऱ्यांचे कापतो, म्हणून अक्षर मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात राहील असं बघा. वेबसाइटची लिंक कुणी शेअर केली की दिसणाऱ्या चित्रासाठी १२०० गुणिले ६३० पिक्सेल हा आकार रूढ आहे.

हेडरमध्ये लोगो एसव्हीजीच टाका, त्यावर मुख्य पानाची लिंक द्या आणि चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या 'आल्ट' मजकुरात साइटचं नाव लिहा. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला 'लोगो' एवढंच ऐकू आलं तर काहीच कळत नाही. भोवती निदान एका अक्षराच्या रुंदीएवढी मोकळी जागा सोडा. मोबाइलवर नाव दाटत असेल तर तिथे फक्त चिन्ह दाखवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर सगळं तयार झाल्यावर करा. एखाद्या अक्षरलेखकाला किंवा डिझायनरला तुमची एसव्हीजी दाखवून अंतरं आणि वळणं तेवढी दुरुस्त करून मागा. हे काम शून्यापासून लोगो करण्यापेक्षा कितीतरी कमी वेळाचं असतं, आणि तुम्हाला काय हवं हे तोवर पक्कं झालेलं असल्यामुळे त्याचाही वेळ वाया जात नाही. हक्क लेखी तुमच्या नावावर घ्या आणि मूळ फाइल मागून ठेवा.

फेव्हिकॉन बदलूनही टॅबवर जुनाच दिसत राहिला तर घाबरू नका. ब्राउझर तो बराच काळ स्वतःजवळ साठवून ठेवतात. फाइलला नवीन नाव द्या, पानाच्या कोडमध्ये तेच नाव लिहा, म्हणजे सगळ्यांना नवा दिसू लागेल.